नाव मेयो, गाव कुठलं?

नागपूर स्टेशनच्या संत्रा मार्केटकडच्या दारातून बाहेर पडावं आणि ऑटोवाल्याला सांगावं, "इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय." तो एकदा तुमच्याकडे बघेल, एकदा तुमच्या हातातल्या पिशवीकडे, आणि विचारेल, "मेयो ना जी?" नागपूरकरांच्या बोलण्यात मोठे सरकारी दवाखाने दोन, एक मेडिकल आणि एक मेयो. अपघात झाला की मेयोत नेतात. पोरगी डॉक्टरकी शिकत असेल तर ती मेयोला असते. पाटीवरचं लांबलचक नाव कागदावर, शिक्क्यावर आणि बातमीच्या पहिल्या ओळीत येतं. दुसऱ्या ओळीपासून बातमीदारही मेयोवर येतो.

साहेबाच्या काळातली नावं म्हणजे गुलामीची खूण, ती पुसून टाकावीत, हा सूर आता नवा नाही. जुलै २०२४ मध्ये आपल्या विधिमंडळाने मुंबईच्या सात लोकल स्थानकांची नावं बदलण्याचा ठराव केला, तेव्हा तो पुन्हा वर लागला. अशा वेळी मेयोचीही गणना 'इंग्रजी नावां'त होते, आणि माझी हरकत नेमकी तिथे आहे. हे नाव इंग्रजी नाही, आयरिश आहे. ज्या लोकांचं ते आहे त्यांनी इंग्रजांचा जाच आपल्या कितीतरी आधी भोगायला सुरुवात केली होती. एखाद्याची वस्तू चोराने पळवून आपल्या दारात आणून टाकावी आणि आपण त्या वस्तूलाच चोर म्हणावं, तसं काहीसं हे चाललं आहे.

मेयो हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जिल्हा. आयरिश भाषेत नावाचे दोन तुकडे पडतात. पहिल्याचा अर्थ मैदान आणि दुसऱ्याचा यू नावाचं झाड, सदाहरित आणि शेकडो वर्षं जगणारं. यूच्या झाडांचं मैदान ते मेयो. आपल्याकडे पळसगाव, बाभूळगाव, चिंचवड जसं पडलं तसंच हेही पडलं. कोणा राजाने ठेवलेलं नाही, कोणी ठराव करून दिलेलं नाही. झाडं होती म्हणून नाव झालं. झाडं गेली तरी नाव राहिलं, आणि इंग्रज नकाशावाल्यांनी ते आपल्या कानाला ऐकू आलं तसं, आपल्या स्पेलिंगात उतरवून घेतलं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, जरी ती माझ्याच मुद्द्याच्या आड येते. सातव्या शतकात चर्चच्या रीतिरिवाजांवरून मोठा वाद झाला, तेव्हा कोलमान नावाचा आयरिश बिशप इंग्लंडमधलं आपलं पद सोडून निघाला. त्याच्याबरोबर आयरिश संन्यासी होते तसे काही इंग्रजही होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर त्यांनी मठ बांधला. पण आयरिश मंडळी उन्हाळ्यात भटकायला निघून जात आणि हिवाळ्यात परत येऊन इंग्रजांनी पिकवलेल्या धान्यात वाटा मागत. भांडणं झाली. कोलमानने इंग्रजांना वेगळं काढून मेयोत मठ घालून दिला, आणि ती जागा पुढे 'सॅक्सनांचं मेयो' म्हणून ओळखली गेली. म्हणजे मुळातल्या मेयोला इंग्रज चिकटले होतेच! पण ते आले, तिथेच राबले, तिथेच मातीत गेले. नावावर त्यांचा हक्क मी नाकारणार नाही. माझा वाद आहे तो नंतरच्या एका मेयोशी, जो तिथे राहतच नव्हता.

त्याचं नाव रिचर्ड साउथवेल बर्क, मेयोचा सहावा अर्ल. जानेवारी १८६९ ते फेब्रुवारी १८७२ असा तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. जन्म डब्लिनचा. घराण्याची गढी आणि शेतीवाडी किल्डेअर जिल्ह्यात, म्हणजे बेटाच्या पूर्व भागात, मेयोपासून पार दुसऱ्या अंगाला. पार्लमेंटवर तो निवडून गेला आधी किल्डेअरमधून, मग उत्तरेतल्या कोलरेनमधून, मग थेट इंग्लंडमधल्या कॉकरमथमधून. मेयोतून कधीच नाही. शेवटी पुरला गेला तोही किल्डेअरमध्येच. अर्ल ही सरदारकी त्याच्या घराण्याला १७८५ मध्ये मिळाली होती, आणि तिच्यामागे 'मेयो' लागलं होतं ते एखाद्या फेट्याला तुरा लागावा तसं.

आपल्याकडे आडनावाला गाव चिकटतं ते उलट्या वाटेने. होळ गावचे म्हणून होळकर. इंदूरची गादी मिळाली तरी ते इंदूरकर झाले नाहीत, नीरेकाठचं होळच सांगत राहिले. 'कर' या प्रत्ययात माणूस गावाच्या मालकीचा असतो. आडनाव लावणारा कुठेही गेला तरी तो कुठून निघाला हे त्यात लिहिलेलं असतं. किताबात मात्र गाव माणसाच्या मालकीचं होतं. राजा एक कागद देतो, त्यावर एका मुलखाचं नाव असतं, आणि त्या दिवसापासून तो मुलूख एका माणसाच्या नावाने हिंडू लागतो. मग तो माणूस मेला की त्याचं नाव तिसऱ्याच गावातल्या इमारतीला देतात. आधी गाव, मग किताब, मग माणूस, मग इमारत. या साखळीत पहिली कडी आपसूक गळून पडते. नागपूरच्या दवाखान्यात, अजमेरच्या राजपुत्रांच्या कॉलेजात, बंगळूरच्या मेयो हॉलमध्ये, लाहोरच्या मोठ्या इस्पितळात यूच्या झाडांचं मैदान कुणाला आठवणार?

सातबारा पाहिलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. मालकाच्या रकान्यात एकाचं नाव, कसतो दुसराच, आणि मालक शहरात. आयर्लंडचं एकोणिसाव्या शतकातलं सगळं दुखणं हेच होतं. जमीनदार लंडनला किंवा डब्लिनला, त्याचा कारभारी गावात, आणि खंड भरणारं कूळ पावसात. लॉर्ड मेयो जमिनीचा गैरहजर मालक होता की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. नावाचा तो गैरहजर मालक होता हे मात्र नक्की.

माणूस म्हणून तो वाईट होता असं मी म्हणत नाही. हिंदुस्थानची पहिली शिरगणती त्याच्या कारकिर्दीत हाती घेतली गेली. प्रांतांना स्वतःचा थोडा खर्च स्वतः ठरवू देण्याची सुरुवात त्याने १८७० मध्ये केली. शेतीसाठी वेगळं खातंही त्याच्याच काळात उघडलं. पण ते खातं उघडण्यामागे मँचेस्टरच्या गिरणीमालकांची कापसाची भूकही होती, आणि इथे गोष्ट वऱ्हाडात येते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले, तरी लँकेशायरला, म्हणजे मँचेस्टरच्या गिरण्यांच्या मुलखाला, वऱ्हाड हवंच होतं. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. आज त्या फाट्यावरून जाताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. शेगावच्या गर्दीत तर नाहीच नाही.

आता त्याच वर्षी दुसरा एक मेयोचा माणूस कुठे होता ते पाहा. मायकेल डॅविट. जन्म १८४६ चा, मेयो जिल्ह्यातल्या स्ट्रेड गावचा. जन्म झाला तेव्हा बटाट्याचं पीक सडून दुष्काळ सुरू झालेला होता. १८४१ च्या शिरगणतीत मेयोत ३ लाख ८९ हजारांच्या आसपास माणसं होती. दहा वर्षांनी उरली सुमारे २ लाख ७४ हजार. कुणी उपाशी मेलं, कुणी बोटीत चढलं. १८४९ च्या मार्च महिन्यात लुइसबर्गची उपाशी माणसं मदतीचं धान्य मिळेल म्हणून डोंगरातून मैलोन् मैल चालत गेली, हात हलवत परत फिरली आणि डूलॉख तळ्याच्या वाटेवर त्यांतली कित्येक मरून पडली. त्या जिल्ह्याची लोकसंख्या आज दीडशेहून अधिक वर्षांनीही १ लाख ३८ हजारांच्या घरातच आहे. मेयोच्या माणसाने परक्या मुलखात आपलं गाव सांगितलं की पुढे लगेच 'देवा, आम्हाला सांभाळ' असं म्हणायची रीत पडली ती काही उगाच नाही.

डॅविटचं घर खंड थकला म्हणून १८५० मध्ये मोडलं गेलं. पोरगं चार वर्षांचं. कुटुंब इंग्लंडमध्ये लँकेशायरला गेलं, आणि अकराव्या वर्षी कापसाच्या गिरणीत यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. ज्या लँकेशायरसाठी खामगावला रूळ पोचले, त्याच लँकेशायरच्या गिरणीत. मोठा झाल्यावर तो आयरिश क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेत शिरला आणि मे १८७० मध्ये लंडनला पकडला जाऊन पंधरा वर्षांच्या शिक्षेवर गेला. म्हणजे मेयो हा किताब मिरवणारा माणूस खामगावात रेल्वेची फीत कापतो, आणि त्याच वसंतात मेयोच्या मातीतला माणूस बेड्यांत. आणि हो, आयर्लंडमध्ये याच क्रांतिकारकांचं १८६७ चं बंड मोडलं गेलं तेव्हा तिथला मुख्य सचिव कोण होता? हाच बर्क.

लॉर्ड मेयोचा शेवट अंदमानात झाला. ८ फेब्रुवारी १८७२ ची संध्याकाळ. माउंट हॅरिएटच्या डोंगरावरून सूर्यास्त पाहून तो होपटाउनच्या धक्क्यावर उतरला, आणि शेर अली आफ्रिदी नावाच्या पठाण कैद्याने अंधारात त्याच्यावर सुऱ्याने वार केले. त्या वर्षानंतर देशभर मेयोच्या नावाच्या इमारती उभ्या राहिल्या. नाव वेगाने पसरलं ते खुनामुळे. एरवी तीन वर्षांचा एक व्हाइसरॉय, त्याला कोण विचारत होतं?

डॅविट सात वर्षांनी सुटला आणि त्याने मेयोतच काम सुरू केलं. १८७९ मध्ये पीक पुन्हा बुडालं, तेव्हा आयरिशटाउन गावी कुळांची पहिली मोठी सभा झाली. तिथून लँड लीग उभी राहिली, कुळांची संघटना. आणि १८८० च्या शरदात बॉलिनरोबजवळ, मास्क सरोवराकाठी ते घडलं ज्याचा शब्द आज मराठीतलं शाळकरी पोरगंही वापरतं. लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. कुळांनी खंडात सूट मागितली ती नाकारली, बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावायला आलेल्या माणसाला बायकांनी चिखल आणि शेण फेकून पळवून लावलं. मग गावाने ठरवलं, याच्याशी बोलायचं नाही. शेतात मजूर जाईना, दुकानदार माल देईना, लोहार घोड्याला नाल ठोकेना, टपालवाल्याला धमकावलं. उभं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. साधारण पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्ची पडले असा त्या वेळचा हिशेब सांगतात. पीक निघालं आणि कॅप्टनसाहेब जिल्हा सोडून गेले. जॉन ओमॅली नावाच्या तिथल्या पाद्र्याने एका अमेरिकन बातमीदाराला सुचवलं की या कृतीला त्या माणसाचंच नाव द्यावं, पंडिती शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही.

ही गोष्ट नोव्हेंबर १८८० ची. पुढच्याच जानेवारीत पुण्यात केसरी निघाला. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली, आणि स्वदेशी, स्वराज्य, राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंगतीत बहिष्कार जाऊन बसला. ही चतुःसूत्री आपण टिळकांच्या नावावर पाठ करतो. तिच्यातल्या एका सूत्राचं इंग्रजी नाव मेयोच्या शेतात जन्मलेलं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

सूत्र मात्र मेयोचं नाही. डिसेंबर १८७४ मध्ये, म्हणजे कॅप्टन बॉयकॉटच्या सहा वर्षं आधी, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने हेच करून दाखवलं होतं. एका सावकाराने गावातल्या कर्जदार देशमुखावर हुकूमनामा आणला आणि घरावर टाच आली. गाव एक झालं. सावकाराचं शेत कुणी कसायचं नाही, त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हावी-धोबी-सुतारांनी त्याचं काम करायचं नाही. ते लोण पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्याच्या गावांत पसरलं, आणि १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून दंगे सुरू झाले, ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात दख्खनचे दंगे म्हणतात. कारण तेच, अमेरिकेचं युद्ध संपल्यावर कोसळलेला कापूस, वाढलेला सारा आणि सावकाराची वही. करडे आणि बॉलिनरोब यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. एकाला अमेरिकन बातमीदार मिळाला, दुसऱ्याला सरकारी चौकशी समिती. नाव कुणाचं लागतं यात एवढाच फरक असतो पुष्कळदा.

बहिष्काराबद्दल आपण फार फुशारून जायचं कारण नाही, हेही लगेच म्हटलं पाहिजे. वरच्याविरुद्ध उगारलं तर ते हत्यार, खालच्याविरुद्ध उगारलं तर तो छळ. आपल्या गावगाड्याने हा छळ शतकानुशतकं केला, म्हणून बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्थापलेल्या सभेचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी' होतं. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला तो २०१६ चा, आणि त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' हे शब्द आहेत. मेयोच्या एका कारभाऱ्याचं आडनाव अशा रीतीने महाराष्ट्राच्या कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलं गेलं. त्या कॅप्टनला याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

हे सगळं कशासाठी सांगितलं? तर नागपूरकर जेव्हा 'मेयो' म्हणतो तेव्हा त्या दोन अक्षरांत व्हाइसरॉय सगळ्यात पातळ थर आहे. त्याखाली एक दुष्काळ आहे, एक थोटा माणूस आहे, कुळांचा लढा आहे, आणि अगदी तळाशी झाडं आहेत. गुलामीची खूण म्हणून आपण ती अक्षरं पुसली तर वरचा थर जाईल हे खरं. पण तो जाताना खालचं सगळं घेऊन जाईल, आणि व्हाइसरॉयने जे नाव बळकावलं ते त्याचंच होतं यावर आपण स्वतः शिक्का मारून देऊ.

यावर एक बिनतोड वाटणारा सवाल येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. नागपूरला आलेलं मेयो हे गावाचं नव्हे, किताबाचंच आहे. तुमच्याच मापाने किताबाचं नाव पोकळ. मग ठेवायचं कशाला?

माझं उत्तर पुन्हा जमिनीच्याच भाषेत आहे. नावावर मालकी तीन वाटांनी येते. एक, मातीतून. दुसरी, सरकारी कागदातून. आणि तिसरी वहिवाटीतून. कागदातून आलेली मालकी सगळ्यात कच्ची, मग तो कागद इंग्रजाचा असो की आपला. पण त्या कच्च्या नावाचीही पिढ्यान् पिढ्या वहिवाट झाली, त्या नावाच्या खाटेवर चार पिढ्या जन्मल्या आणि मेल्या, की कूळ मालक होतं. कसेल त्याची जमीन हे आपण कायद्याने मान्य केलं आहे. मग वापरेल त्याचं नाव हे मान्य करायला काय हरकत आहे? मेयो आता लॉर्ड मेयोचं नाही, नागपूरच्या बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी काढून रांगेत बसलेल्या माणसांचं आहे.

दवाखान्याला इंदिरा गांधींचं नाव दिलं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पद्धतीबद्दल आहे. सत्तेवर असलेल्यांनी त्यांना मानाचं वाटणारं नाव वरून उतरवावं आणि खालच्यांनी शिक्क्यापुरतं ते पाळावं, ही पद्धत लॉर्ड मेयोच्या काळातलीच आहे. माणूस बदलला, रीत तीच.

मुंबईच्या सात स्थानकांकडे या मापाने पाहिलं तर एकाच ठरावात किती वेगवेगळे प्रकार कोंबले आहेत ते दिसतं. सँडहर्स्ट रोडचं डोंगरी करायला मी हात वर करीन. लॉर्ड सँडहर्स्ट हाही किताबच, आणि डोंगरी हे मातीतलं नाव, लोकांच्या तोंडी आजही ताजं. करी रोडचं लालबाग, डॉकयार्ड रोडचं माझगाव, ठीक आहे. पण कॉटन ग्रीन? तिथे कापसाच्या गाठी येऊन पडत, खामगावच्याही पडल्या असतील. त्या नावात कुठला साहेब नाही. आहे तो धंदा, हमाल आणि गोदामं. आणि चर्नी रोड तर मूळ मराठीच, गुरं चरायची जागा म्हणून चरणी, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे इंग्रजी म्हणून आपण चक्क मराठी नाव पुसायला निघालो! किंग्ज सर्कलचं राजेपण गेलं तर जाऊ दे, पण त्या जागी नवं नाव आणताना रोज तिथे उतरणाऱ्यांना कुणी विचारलं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आयर्लंडने नावं बदलली नाहीत असं कुणाला वाटायला नको. भरपूर बदलली. क्वीन्सटाउन हे बंदर १९२० मध्ये पुन्हा कोव्ह झालं, किंग्सटाउनचं डून लेअरे झालं, किंग्ज काउंटी ऑफली झाली. राजाराण्यांची नावं गेली आणि जुनी परत आली. मेयोला कुणी हात लावला नाही, कारण ते त्यांचंच होतं. पाटीवर इंग्रजी स्पेलिंगच्या जोडीला आयरिश रूप लिहिलं, बस. पण त्यांचीही एकदा चूक झाली. केरी जिल्ह्यात डिंगल नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, पर्यटकांचं लाडकं. या शतकाच्या सुरुवातीला सरकारने आयरिश भाषेच्या प्रेमापोटी तिथलं इंग्रजी नाव अधिकृत पाट्यांवरून काढून फक्त आयरिश नाव ठेवलं. हेतू निर्मळ होता, नाव अस्सल होतं. तरीही गाव चिडलं. २००६ मध्ये मतदान झालं आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी दोन्ही नावं हवीत असा कौल दिला. कायद्यात ते उतरायला २०११ उजाडलं, पण उतरलं. आपल्या भाषेचं, आपल्या मातीचं नावसुद्धा वरून लादलं तर रुचत नाही, हा धडा त्यांनी एका छोट्या गावाकडून घेतला. आपण एखाद्या शहराचं, स्थानकाचं नाव बदलताना तिथल्या लोकांचं असं साधं मतदान कधी घेतो?

जाता जाता, गावाचं नाव उलट्या दिशेनेही प्रवास करतं. मालवण तालुक्यातल्या वराड गावचं एक कुटुंब. त्यातले एक डॉक्टर परदेशी गेले, आयर्लंडमध्ये स्थिरावले, आणि त्यांचा डब्लिनमध्ये जन्मलेला मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये त्या देशाचा पंतप्रधान झाला. आयरिश वाहिन्यांच्या निवेदकांना कोकणातल्या एका छोट्या गावाचं नाव रोज उच्चारावं लागलं. त्यांना ते किती जमलं हा वेगळा विषय! २०१९ च्या अखेरीस ते वराडला येऊन गेले तेव्हा गावाने आपला नातू आला म्हणून स्वागत केलं. वराडकरांच्या नावातलं वराड कुणी त्यांना बहाल केलेलं नव्हतं. ते त्यांच्याबरोबर बोटीतून, विमानातून, दोन पिढ्यांतून आपलं आपण गेलं. 'मेयोचा अर्ल' आणि 'वराडकर' या दोन शब्दांच्या व्याकरणातला फरक मला पुष्कळ बोलका वाटतो.

मग करायचं काय? नाव परत अधिकृत करा अशी माझी मागणी नाही. कागदावर लांब नाव राहू दे, लोक मेयो म्हणतीलच. मागणी एका पाटीची आहे. दगडाची नको, उद्घाटनाला मंत्री नको. साधी, मोठ्या अक्षरांतली, मराठीत. तिच्यावर एवढंच असावं: मेयो हा आयर्लंडच्या पश्चिमेकडचा एक जिल्हा आहे. नावाचा अर्थ यूच्या झाडांचं मैदान. १८७० मध्ये त्या जिल्ह्याचा किताब असलेला एक व्हाइसरॉय खामगावला आला होता. तो त्या जिल्ह्यात राहत नव्हता. दहा वर्षांनी त्या जिल्ह्यातल्या कुळांनी एका कारभाऱ्याला हुसकावून लावलं, आणि त्या गोष्टीने जगाला बॉयकॉट हा शब्द दिला. त्याच्याही सहा वर्षं आधी शिरूरजवळच्या करडे गावाने तेच केलं होतं.

पाटी लावायची ती दर्शनी दारात नव्हे, चिठ्ठीच्या खिडकीसमोर. तिथे माणसं सकाळपासून उभी असतात, आणि वाचायला समोर काही नसतं.